ग्राफ्ट आखडला तर : औषध बदलण्याआधी काय काय बघायचं

मिरजेत हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात (ओटीत) स्क्रब सिस्टर, म्हणजे सर्जनच्या हातात सामान देणारी नर्स, म्हणून उभं राहायला लागून मला चौदा वर्षं झाली. बायपासमध्ये अडलेल्या कोरोनरीच्या (हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीच्या) पुढे रक्त न्यायला शरीरातलीच दुसरी नळी जोडतात, तो ग्राफ्ट. बायपासच्या केसमध्ये एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की ते पूर्ण व्हायच्या आत हात औषधाच्या वाटीकडे जातो. "सिस्टर, मॅमरी आखडलीय, पॅपाव्हरिन द्या." मॅमरी म्हणजे ग्राफ्ट म्हणून वापरतात ती छातीच्या आतल्या बाजूची धमनी, आणि पॅपाव्हरिन तिला सैल करणारं औषध. ओटीला नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटतं, औषध टाकलं की सुटेल, नाही सुटलं तर अजून टाकू. मी पाहिलंय ते असं, की औषध बहुतेक वेळा बरोबरच असतं. ते गार झालेलं असतं, चुकीच्या पाण्यात कालवलेलं असतं, चुकीच्या जागी पडलेलं असतं, नाहीतर मुळात आखडलेलंच काही नसतं.

जत, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणी, जमखंडी, इथपर्यंतचे पेशंट आमच्या टेबलावर येतात. आता आजूबाजूला लहान सेंटरांतही बायपास होऊ लागलीय, तिथल्या स्क्रब सिस्टर, टेक्निशियन आणि फिजिशियन असिस्टंट फोन करून हेच विचारतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी चालेल, पण यातलं जवळजवळ सगळं ओटीत, सर्जनच्या नजरेखाली करायचं आहे. डोस तुमच्या सर्जननी सही केलेल्या प्रोटोकॉलचाच पाळायचा.

कशावरून ओळखायचं

ग्राफ्ट जोडायच्या आधी: मॅमरी किंवा रेडियल (हाताची धमनी) काढून झाल्यावर ती बारीक, पांढरट दिसते. समईतली वात पिळून ठेवावी तशी. ठोका डोळ्यांना दिसत नाही. खालचं टोक कापल्यावर रक्ताची चिळकांडी उडायला हवी, तिथे थेंब थेंब गळतं.

जोडून झाल्यावर: फ्लोमीटर (ग्राफ्टमधून किती रक्त वाहतं ते मोजणारं यंत्र) लावला की फ्लो मिनिटाला २० मिलीच्या खाली आणि पीआय (पल्सॅटिलिटी इंडेक्स, पुढे अडथळा किती ते सुचवणारा आकडा) ५च्या वर. मॉनिटरवर ईसीजीतला एसटी हा भाग वर सरकतो, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय. इको लावलेला असेल तर हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग अचानक सुस्तावतो. बीपी उतरतो.

आयसीयूत: पहिल्या काही तासांत एकाएकी एसटी वर, ठोके बिघडणं, बीपी खाली. या तिसऱ्या प्रकाराला खालची यादी लावत बसायचं नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

आधी मॉनिटरकडे बघा

फुकटातली तपासणी आहे आणि नेमकी हीच राहते. चिळकांडी उडवायला मागून दाब लागतो. बीपीचा मीन (सरासरी दाब) ५०–५५ला आला असेल तर चांगली मॅमरीसुद्धा ठिबकतेच. ऑफ-पंप केसमध्ये (हार्ट-लंग मशीन न लावता, हृदय धडधडत असताना केलेल्या) हृदय उचलून धरलं की दाब पडतो, त्याच क्षणी कुणीतरी म्हणतं, "फ्लो नाही." मी आता ऐकलं की पहिल्यांदा मोठ्याने बीपी विचारते. भूलतज्ज्ञांनी "मीन बावन्न" म्हटलं की सगळे थांबतात. हृदय परत जागेवर ठेवलं, दाब ७०ला आला, की अर्ध्या वेळा तक्रारच उरत नाही.

त्याचबरोबर औषधांच्या सिरिंज पंपावर काय चालू आहे तेही विचारायचं. नॉरअॅड्रेनॅलिन किंवा व्हॅसोप्रेसिन (बीपी वाढवणारी औषधं) चालू असेल, तर आपण बाहेरून नळी सैल करतोय आणि आतून तिला आवळायचा निरोप जातोय. ते औषध पेशंटला लागतच असेल, म्हणून पंपाला आपण हात लावायचा नाही. पण सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्याही कानावर ते एकाच वेळी गेलं पाहिजे. व्हेंटिलेटरवर श्वास जास्त दिला जाऊन कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला तरी रक्तवाहिन्या आखडतात. एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) कागद बघायला एक मिनिट लागतं.

वाटीला हात लावून बघा

गारवा हा धमनीचा शत्रू. धमनीच्या मधल्या थरात गोल फिरणारे स्नायू असतात, थंडी लागली की ते आवळतात. कृष्णाकाठी डिसेंबरमध्ये पहाटे घाटावर उतरणाऱ्याच्या हातांची बोटं जशी पांढरी पडतात, तोच प्रकार. औषध ३७ अंशांचं हवं.

आमच्याकडे एका हिवाळ्यात लागोपाठ तीन-चार केसमध्ये रेडियल सुटेना. औषधाची बॅच बदलली, कंपनी बदलली, काही फरक नाही. एके दिवशी ग्लोव्ह घातलेलं बोट मी वाटीत बुडवलं, तर पाणी गारढोण. सकाळी साडेआठला गरम सेलाईन घेऊन औषध बनवलेलं, आणि वापरायची वेळ यायला साडेदहा झालेले. मधल्या काळात आमच्या ट्रॉलीची जागा बदलली होती आणि एसीचा झोत बरोबर वाटीवर येत होता. वॉर्डबॉय मामांनी ट्रॉली दोन हात सरकवली, मी वाटी गरम पाण्याच्या मोठ्या बाऊलमध्ये बसवली, दर वीस मिनिटांनी ते पाणी बदलायला लागले. तक्रार संपली.

याच्यातच दुसरी गोष्ट: धमनी सुकू द्यायची नाही. काढून बाजूला ठेवलेली मॅमरी औषधात भिजलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेली हवी, आणि गॉज दिव्याखाली कोरडा पडतो. कोरड्या गॉजला धमनी चिकटते, मग ती सोडवताना ओढ बसते, ओढ बसली की परत आखडते. ऑफ-पंपमध्ये ब्लोअरची (टाक्यांच्या जागेवरचं रक्त उडवणाऱ्या नळीची) हवा ग्राफ्टवर सरळ लागत असेल तर तेही सर्जनना सांगा.

वाटीत काय आहे ते वाचा

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या आपल्या, म्हणजे सिस्टर लोकांच्या हातून होतात.

पॅपाव्हरिन अफूच्या बोंडातून मिळालेलं द्रव्य, पण नशा आणणारं नाही. स्नायूच्या पेशीत फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, त्याला ते अडवतं आणि स्नायू सैल पडतो. अँप्युलमध्ये साधारण २ मिलीत ६० मिलिग्रॅम असतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ते ३० मिली नॉर्मल सेलाईनमध्ये मिसळतात. *नॉर्मल सेलाईन* हा शब्द मुद्दाम लिहितेय. पॅपाव्हरिन आम्लधर्मी आहे. ते आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये) टाकलं की साका धरतो. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी घाईत आरएलची बाटली फोडली. वाटी दुधाळ झाली, ताकाच्या निवळीसारखी. मला वाटलं औषधाचा रंगच तसा असेल. सर्जनांनी सिरिंज हातात घेतली, उजेडात धरली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. ते पांढरे कण म्हणजे औषधच. ते तळाला बसतं, धमनीपर्यंत पोहोचत नाही, आणि कण रक्तात गेले तर वेगळंच संकट. तेव्हापासून वाटी भरल्यावर मी ती दिव्याखाली धरते. गढूळ दिसली तर फेकायची, गाळून वापरायची नाही.

दुसरं मिश्रण व्हेरापामिल आणि नायट्रोग्लिसरिनचं. बऱ्याच ठिकाणी रेडियलसाठी तेच वापरतात. त्याचं प्रसिद्ध प्रमाण असं: व्हेरापामिल ५ मिलिग्रॅम, नायट्रोग्लिसरिन २.५ मिलिग्रॅम, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ५०० युनिट, ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट ०.२ मिली, आणि हे सगळं ३०० मिली रिंगर सोल्युशनमध्ये. बायकार्बोनेटमुळे त्याचा पीएच रक्ताच्या जवळ, ७.४च्या आसपास येतो, म्हणून धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराला ते पॅपाव्हरिनपेक्षा सोसतं. नायट्रोग्लिसरिन लगेच काम सुरू करतं पण लवकर ओसरतं. व्हेरापामिल सावकाश येतं आणि टिकतं. म्हणून जोडी.

हे मिश्रण बनवताना दोन ठिकाणी हात चुकतो. नायट्रोग्लिसरिनच्या ५ मिली अँप्युलमध्ये २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे आपल्याला फक्त अर्धा मिली हवाय. आणि हेपरिन दोन ताकदींत येतं, एक मिलीत १,००० युनिट किंवा एक मिलीत ५,००० युनिट. व्हायल दिसायला सारखीच. लेबल मोठ्याने वाचून समोरच्या सर्क्युलेटिंग सिस्टरकडून (टेबलाबाहेरून सामान पुरवणाऱ्या) "हो" घ्यायचं, मगच सुई टोचायची. आणि दोन्ही मिश्रणं एकाच टेबलावर असतील तर दोन्ही वाट्यांवर नाव, वेळ, कशात मिसळलं, हे लिहिलेलंच पाहिजे. पॅपाव्हरिन बायकार्बोनेटच्या वाटीत पडलं तर परत तेच दुधाळ पाणी.

औषध कुठे पडतंय आणि किती वेळ

बाहेरून. धमनीच्या बाहेरून. फवारा किंवा भिजवलेला गॉज गुंडाळून, आणि निदान दहा मिनिटं त्याला हात न लावता. पॅपाव्हरिनला वेळ लागतो. दर दोन मिनिटांनी गॉज उघडून "सुटली का" बघणं म्हणजे चुलीवरच्या भाताचं झाकण सारखं उचलण्यासारखं आहे. शिवाय दर उघडण्यात हाताळणी होते.

धमनीच्या आत पॅपाव्हरिन दाबाने सोडणं हा मोह होतो, कारण फुगून लगेच जाडजूड दिसते. पण आम्ल द्रावण आणि दाब, दोन्हींनी आतलं अस्तर सोलून निघतं. हेच अस्तर पुढची वीस वर्षं धमनीला उघडी ठेवणारे पदार्थ बनवत असतं. सळई घालून रुंद करणं तर त्याहून वाईट. रेडियलचा इतिहासच याचा पुरावा आहे. पॅरिसमध्ये सर्जन अलॅं कार्पोंतिए यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हाताची ही धमनी बायपासला वापरली. तेव्हा ती सोलून, धातूच्या सळयांनी रुंद करत. ग्राफ्ट बंद पडायला लागले आणि त्यांनीच ती वापरू नका म्हणून सांगितलं. पुढे बंद पडलाय असं समजलेला एक ग्राफ्ट कित्येक वर्षांनी अँजिओत छान वाहताना दिसला. मग १९९२ मध्ये पॅरिसमधूनच रेडियल परत आली, या वेळी आजूबाजूच्या पडद्यासकट, हळुवार काढून, कॅल्शियम रोखणारी औषधं आणि पॅपाव्हरिन यांच्या मदतीने. धमनी तीच होती. हाताळणी बदलली.

पेडिकलमध्ये (धमनीसोबत निघणाऱ्या पडद्यात) बारीक सुईने औषध टोचणं सर्जनचं काम. सुई धमनीत शिरली तर तिथे रक्ताची गाठ. आणि छातीत बरंच औषध ओतलं गेलं तर ते शोषलं जाऊन बीपी उतरू शकतो, म्हणून ओतण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगायचं.

हात

सांगणं अवघड, पण सांगायलाच हवं. चिमट्याने धमनीची भिंत धरली, कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारं हत्यार) जवळून चालली, ओढून ताणली, की कोणत्याही औषधाआधी तिथे आखडण्याचं कारण तयार झालं. धरायचं ते बाजूच्या पडद्याला. कॉटरीचा आकडा कमी ठेवायचा, फांदीची क्लिप मुख्य नळीपासून किंचित लांब मारायची. नवीन रजिस्ट्रार शिकत असतील तर मॅमरीला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ गरम फवारा चालू ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे.

मॅमरी आणि रेडियल सारख्या आखडत नाहीत, हेही लक्षात ठेवा. मॅमरीच्या मधल्या लांबीत लवचिक थर जास्त, स्नायू कमी. खालच्या टोकाला, दोन फाटे फुटतात तिथे, स्नायू वाढतात आणि तिथेच ती जास्त हट्टीपणा करते. म्हणून लांबी पुरत असेल तर सर्जन ते टोक कापून टाकतात, आणि वरचा भाग लगेच उडायला लागतो. रेडियल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जाड स्नायूंची. ऊसतोडीचं काम केलेल्या माणसाचा हात उघडला की ती ठसठशीत दिसते आणि पाहता पाहता अर्धी होते. तिला औषध काढायला सुरुवात केल्यापासूनच लागतं, काढून झाल्यावर नव्हे.

मुळात आखडलीच आहे का?

इथपर्यंत सगळं केलं आणि पंधरा मिनिटांत फरक नाही, तर संशय औषधावरून काढून घ्यायचा. खरा स्पॅझम (आखडणं) गरम औषधाने आणि वेळाने थोडा तरी ढिला होतो. अजिबात हलत नसेल तर बहुधा दुसरं काही आहे. सर्जन ज्या गोष्टी शोधतात त्या अशा: पेडिकल स्वतःभोवती पिळला गेलाय का, फुफ्फुस फुगलं की ग्राफ्ट ताणला जातोय का, कुठे मुरड पडलीय का, एखादी क्लिप नळीवरच बसलीय का. पडद्यात निळसर-काळपट डाग दिसत असेल तर भिंतीच्या थरात रक्त शिरल्याची शक्यता, आणि तिथे पॅपाव्हरिन ओतून वेळ घालवणं धोक्याचं. हेपरिन द्यायच्या आधी टोक बंद केलेलं असेल तर आत गुठळी असू शकते.

डाव्या आणि उजव्या हाताच्या बीपीत मोठा फरक असेल तर दोष बहुधा मॅमरीत नाही, ती जिथून निघते त्या सबक्लेव्हियन धमनीत आहे. ही तपासणी वॉर्डात बीपीच्या साध्या पट्ट्याने होते. आदल्या दिवशी दोन्ही हातांचा बीपी फाईलला लिहिलेला नसेल तर मी केस घेताना विचारते.

आणि ज्या कोरोनरीला ग्राफ्ट जोडला तिथला अडथळाच किरकोळ असेल, तर मूळ वाटेनेच रक्त वाहतं आणि ग्राफ्ट रिकामा राहून बारीक होत जातो. फ्लोमीटरवर ते स्पॅझमसारखं दिसतं. रेडियल म्हणूनच मोठा अडथळा असलेल्या कोरोनरीला लावतात. याला कोणतंही औषध नाही, तो ठरवण्याचा भाग आहे.

वॉर्डातच वाचवता येणारी केस

रेडियल घ्यायची ठरली असेल तर त्या हाताला सुई टोचलेली नको, रक्त काढलेलं नको, आर्टरी लाईन नको. ज्या मनगटातून अँजिओग्राफी झाली ती रेडियल शक्यतो घेत नाहीत, तिच्या आत कॅथेटरची इजा असते. अॅलन टेस्ट (हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसं रक्त मिळतं का ते बघणारी तपासणी) झालेली हवी. आमच्या वॉर्डातल्या मावशीसुद्धा आता पेशंटच्या डाव्या हातावर मार्करने "सुई नको" लिहिलंय का ते बघतात, कारण एकदा रात्रपाळीला तिथेच कॅन्युला लावली गेली आणि सकाळी ठरवलेला ग्राफ्ट बदलायला लागला. तंबाखू, मशेरी, बिडी ऑपरेशनच्या आधी सुटली पाहिजे. निकोटिन धमन्या आवळतं हे पेशंटला सांगताना मी त्यांच्याच हाताची थंड बोटं दाखवते.

कधी थांबायचं आणि कुणाला हाक मारायची

टेबलावर ग्राफ्ट जोडायच्या आधी गरम औषध, योग्य बीपी आणि पंधरा मिनिटं, एवढ्याने हलला नाही तर असिस्टंटने पुढचा प्रयोग करायचा नाही. मुख्य सर्जन दुसऱ्या खोलीत असले तरी बोलवायचं. आत औषध सोडणं, टोक कापणं, ग्राफ्ट बदलून पायाची नस घेणं, हे निर्णय त्यांचे.

जोडल्यानंतर एसटी वर गेला, ठोके बिघडले किंवा भिंत हलेनाशी झाली, तर एक मिनिटही वाट बघायची नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे), तिघांना एकदम सांगायचं. हार्ट-लंग मशीन तयार ठेवायला लागतं, बलून (हृदयाला आधार द्यायला महाधमनीत ठेवलेला फुगा) लागू शकतो, जोड उघडून परत करायला लागू शकते. "आखडलं असेल, सुटेल" हे वाक्य या वेळी कुणीही उच्चारलं तर मी फ्लोमीटरचा आकडा मोठ्याने वाचते.

आयसीयूत ऑर्डर असेल तर नायट्रोग्लिसरिन किंवा डिल्टियाझेमचं इन्फ्युजन चालू असतं. सिरिंज संपत आली की पुढची आधीच भरून ठेवा. बदलताना पाच मिनिटं बंद राहिली तरी रेडियलला ती कळतात. पेशंट गार असेल तर ऊब द्या, पोटॅशियम-मॅग्नेशियम बघा. पण एसटी उचलला की बारा लीडचा ईसीजी काढता काढताच फोन करायचा, ईसीजी झाल्यावर नाही. कधी कधी पेशंटला थेट कॅथलॅबला न्यायला लागतं, तिथे नायट्रोग्लिसरिन ग्राफ्टच्या आत सोडतात आणि दोष कुठला ते डोळ्यांना दिसतं.

रेडियल लावलेल्या पेशंटला घरी जाताना बऱ्याचदा कॅल्शियम रोखणारी गोळी काही महिन्यांसाठी देतात. गावी गेल्यावर बीपी ११० दिसला की कुणीतरी ती बंद करतं. डिस्चार्ज कार्डावर मी त्या गोळीखाली रेघ मारते आणि पेशंटच्या मुलाला किंवा सुनेला समोर बसवून सांगते: ही गोळी बीपीसाठी नाही, हातातून काढून छातीत लावलेल्या नळीसाठी आहे. चक्कर येत असेल तर बंद करण्याआधी आम्हाला फोन करा. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, तर फोनही करत बसू नका, १०८ बोलवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.